बाबांचा निरोप

मँचेस्टर,
२ ऑक्टोबर १९५५

मामा, तुमच्या पायांवर डोकं.

तुमचा भाचा सुखरूप पोचला. बोटीवर बरेच दिवस आडवाच होतो, पण ते मायला सांगू नका. लंडनहून आगगाडीनं इथं उतरलो तर सकाळ आहे की संध्याकाळ तेच कळेना, एवढा धूर. घरं सगळी काळी. मला वाटलं इथं आग लागून गेली असावी. एका गृहस्थाला विचारलं, तर म्हणाला, आग कसली, गिरण्यांची काजळी आहे, आमच्या आजोबांपासूनची.

विद्यापीठानं राहण्यासाठी एक पत्ता दिला होता. त्या दारातल्या बाईनं मला वरून खाली पाहिलं आणि खोली कालच गेली म्हणाली. खिडकीत 'खोली रिकामी आहे' ही पाटी मात्र तशीच होती. दुसऱ्या घरीही तेच. शेवटी मिसेस हॉवर्थ नावाच्या विधवा बाईंनी जागा दिली. बाई साठीच्या आहेत. हे मुद्दाम लिहितो, कारण तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे.

बाई बोलायला चांगल्या, पण माझा अजून विश्वास बसलेला नाही. मी बाहेर गेलो की त्या माझ्या खोलीत येतात. परवा पेटीच्या झाकणावर एक केस ठेवून गेलो होतो. परत आलो तर केस गायब. माझ्या पेटीत दोन धोतरं, पुस्तकं आणि मायनं दिलेलं तिखट, यापलीकडे काही नाही. मग काय शोधतात कुणास ठाऊक.

खोलीत गॅसची शेगडी आहे. तिच्यात नाणं टाकलं की पेटते आणि ऐन अभ्यासात विझते. आंघोळ फक्त शनिवारी. रोज करीन म्हटलं, तर बाईंनी काळजीनं विचारलं, तुम्हाला कातडीचा काही आजार आहे का?

मामा, बाबांचा राग गेला का? मी निघालो त्या दिवशी ते मोटारस्टँडवर आले नाहीत. मोटार हलेपर्यंत मी आपल्या किन्हीराजाच्या रस्त्याकडे पाहत होतो. घरून निघताना एवढंच म्हणाले होते, “जातो त जा. पण गेला तसाच वापस ये.” त्यांना लिहिता येत नाही हे मला माहीत आहे. पण बाजाराच्या दिवशी तुमच्याकडे येतील, तेव्हा त्यांच्या तोंडचा एखादा शब्द विचारून लिहा. शिवी असली तरी चालेल. बाबा बोलले एवढं कळलं तरी मी इथं निभावून नेईन. नाही तर माझं मन इथं लागायचं नाही.

तुमचा
जगदेव


शेलूबाजार,
१६ ऑक्टोबर १९५५

जगदेवा, औक्षवंत हो.

पत्र मिळालं. फोडण्याआधी पाकीट उन्हात धरून पाहिलं. वरचा पत्ता तुझ्या अक्षरात नाही. ही गोल गोल, शेपट्या काढलेली इंग्रजी अक्षरं पुरुषाची नव्हेत. पोस्टमास्तरला दाखवलं, तोही म्हणाला वळण बायकी आहे. बाई साठीची आहे म्हणतोस, असेल. पण साठीच्या बाईला मुली असतात, भाच्या असतात, त्यांच्याबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. खुलासा कर.

माझ्या लेकीशी, सोजरशी, तुझी सोयरीक झाली आहे म्हणून मी चौकश्या करतो असं समजू नकोस. दाजी तुला पाठवायला तयार नव्हते. मी त्यांच्यासमोर, चार माणसांच्या देखत बोललो की पोरगं बिघडलं तर माझं नाव बदलून टाका. आता हे नाव या वयात बदलायची पाळी आणू नकोस.

बाईनं केस हलवला हे मला मुळीच आवडलं नाही. केसावर भागत नाही. जमिनीवर पीठ भुरभुरून ठेव, म्हणजे पावलं उमटतील आणि कोण कुठवर गेलं ते कळेल. मी कपाशीच्या कोठीत हेच करतो.

दाजी बाजाराला आले होते. गाडी माझ्या दारात सोडली, ओसरीवर बसले आणि तुझं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. ऐकताना तोंड असं केलं की जणू दुसऱ्याच कुणाचं पत्र आहे. गाडी जुंपल्यावर मात्र म्हणाले, “लिही त्या पोट्ट्याले. कापूस पाहाले इलायतेले कायले जा लागते? वावरात नाई काय कापूस? अन् आठ दिवसातून एकदा आंग धुते म्हणे. वापस आला की आधी बैलांसंगं नदीवर घासून काढीन त्याले.” जसं बोलले तसं लिहिलं आहे. मी त्यात काही घातलेलं नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेव. किन्हीराजाचं तुमचं टपाल माझ्याच पत्त्यावर येतं आणि माझ्या दारात आलेलं कुठलंही पाकीट मी फोडतो. तेव्हा कुणाला चोरून काही लिहायच्या भानगडीत पडू नकोस.

तुझा मामा
दौलतराव


मँचेस्टर,
१३ नोव्हेंबर १९५५

मामा, नमस्कार.

खुलासा ऐका. पाकिटावरचा पत्ता मिसेस हॉवर्थनी लिहिला, कारण थंडीनं माझी बोटं वळत नव्हती. त्यांना एकच मुलगा आहे, तो कॅनडात असतो. मुलगी नाही, भाची असल्यास मी पाहिलेली नाही.

तुमच्या सल्ल्याप्रमाणे पीठ भुरभुरलं. पावलं उमटली. दारापासून थेट पलंगापर्यंत आणि परत. मी पलंग उचकटून पाहिला, तर पांघरुणाखाली गरम पाण्यानं भरलेली रबरी पिशवी! बाई रोज संध्याकाळी ती ठेवून जात होत्या आणि मला वाटे, या देशातल्या गाद्याच गरम असतात. वर त्यांनी पीठ झाडून काढलं आणि विचारलं, हा तुमच्या धर्मातला काही विधी आहे का? मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

बाईंचा संशय फिटला, पण बाकीच्या शहराचा फिटत नाही. दुकानात रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्याला आधी दिलं की काय, असं मला रोज वाटतं. लोक भेटले की हवेबद्दलच बोलतात. आपल्याकडे माणूस भेटला की पीकपाणी, लेकरंबाळं, दुखणीखुपणी सगळं विचारतो. इथं कुणी काही विचारत नाही आणि सांगतही नाही. मला वाटतं, काहीतरी लपवत असावेत.

अभ्यास बरा चालला आहे. सूत ओढून त्याची ताकद मोजायचं यंत्र आहे, त्यावर माझा हात बसला. गॅसवर पिठलं करायला शिकलो. ते चाललं असताना बाई घरातल्या सगळ्या खिडक्या उघडतात, पण बोलत नाहीत.

बाबांचा निरोप वाचून इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. दार लावून तो मोठ्यानं म्हणून पाहिला, नुसतं आपलं बोलणं कानावर पडावं म्हणून. पुढच्या बाजाराला आणखी एखादा मिळाला तर लिहा.

तुमचा
जगदेव


शेलूबाजार,
८ जानेवारी १९५६

जगदेवा, औक्षवंत हो.

तुझी पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला खरा. वेचणीचे दिवस, मजूर मिळत नाहीत, कापसाच्या गाड्या सरकी काढायला सारख्या जिनात न्याव्या लागतात. हात रिकामा नव्हता.

इकडे सर्व ठीक. तुझी माय सध्या माझ्याकडे राहायला आली आहे. थोडे दिवस राहील. तुझी आठवण काढते.

दाजींचा निरोप असा की, “जगदेवले लिहा, सुखी राह्य. जिवाले जप. आमची काळजी करू नको. मन लावून शिक.”

दुसरं असं की तुझा एक फोटो पाठव. एकट्याचा नको, त्या बाईला शेजारी उभी कर. लोक इथं काय काय बोलतात, माझ्या कानावर येतं. फोटो पाहिल्याशिवाय माझी खात्री होणार नाही.

तुझा मामा
दौलतराव


मँचेस्टर,
२२ जानेवारी १९५६

मामा, नमस्कार.

दोन महिने तुमचं पत्र नाही आणि आलं ते एवढंसं. पाकिटाबद्दल काही नाही, तिकिटाबद्दल काही नाही, अक्षरावरून माझी उलटतपासणी नाही. हे तुमचं पत्र वाटत नाही. तुमची तब्येत बरी आहे ना?

आता स्पष्ट विचारतो. ऐन वेचणीत माय घर सोडून तुमच्याकडे का आली? आजवर ती वेचणीत एक दिवस माहेरी राहिलेली मला आठवत नाही. बाबांना भाकर कोण करून घालतं? त्यांचं आणि मायचं माझ्यावरून भांडण झालं का?

आणि तो निरोप. मामा, 'सुखी राह्य, जिवाले जप' हे बाबांचं बोलणं आहे? मी तेवीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. मला ताप आला तरी ते 'कामचोर' म्हणतच माझ्या कपाळाला हात लावून पाहायचे. ते इतके गोड बोलले म्हणजे एक तर तुम्ही ते रचलंत, नाही तर ते आजारी आहेत. तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवता आहात. तुम्हाला सगळ्यांवर संशय घ्यायची सवय आहे, आता माझाही घ्यायचा हक्क कबूल करा.

परीक्षा जूनमध्ये आहे. पण बाबा आजारी असतील तर मला परीक्षेचं काही नाही. सरळ कळवा. मी मिळेल त्या बोटीनं निघतो. तुमचं उत्तर पटलं नाही तर उत्तराशिवायही निघेन.

जगदेव


शेलूबाजार,
५ फेब्रुवारी १९५६

जगदेव,

मामाला खोटं पाडायला निघालास, छान. विलायतेला जाऊन हे शिकलास. मला तर वेगळाच वास येतो. माणसाच्या स्वतःच्या मनात काही असलं की तो आधी दुसऱ्यावर ओरडतो. मी फोटो मागितला, तू भांडण पाठवलंस. फोटो कुठं आहे?

तुझ्या मामीचं कंबरडं धरलं आहे, तिला उठता बसता येत नाही. घरात हाताखाली बाईमाणूस नाही, म्हणून मी बहिणीला घेऊन आलो. यात काय चुकलं? दाजींना तुझी चुलती दोन भाकरी टाकून देते. भांडण नाही, काही नाही.

तुझं पत्र बाजाराच्या दिवशी दाजींना वाचून दाखवलं. तू मागे लागलास म्हणून त्यांचं सगळं बोलणं उतरवून काढलं, वाच आता. “बाप बिमार पडला काय म्हणून इचारते? बिमार पडो त्याचा मास्तर! एवढा पैसा सरकारचा लावला अन् हा बोटीत बसून वापस येतो म्हणते. याले म्हणा, परीक्षा सोडून आला त किन्हीराजाच्या शिवंत पाय ठेवू देणार नाई. रुमण्यानं हाणीन. गोड बोललो त म्हणते बाप बदलला. याच्या मायनं मले सांगतलं होतं, एकदा तरी पोराशी गोड बोला, म्हणून बोललो. पुन्हा नाई बोलणार. गद्धा कुठला!” झालं समाधान?

आणखी एक. वाशिमच्या वकिलाचा मुलगा मार्चात लंडनला येतो आहे असं कळलं. तो तुला गाठायचा प्रयत्न करील. त्याला भेटू नकोस. माणूस तोंडाचा फाटका आहे, खरं खोटं काहीही सांगतो. त्याच्या नादानं अभ्यास बुडेल.

दौलतराव


मँचेस्टर,
२६ फेब्रुवारी १९५६

मामा, नमस्कार आणि माफी.

बाबांच्या शिव्या वाचल्या आणि पलंगावर बसून हसत सुटलो. मिसेस हॉवर्थ वर येऊन पाहून गेल्या. तुमच्यावर उगाच संशय घेतला. बाबा शिव्या देत आहेत म्हणजे ठणठणीत आहेत. तो कागद मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आहे. वर्गात कंटाळा आला की वरून चाचपतो.

बोटीचं डोक्यातून काढून टाकलं. परीक्षा देतो. पण वकिलाच्या मुलाला भेटू नको हे तुमचं काही पटलं नाही. फाटक्या तोंडाचा असला तरी आपल्या बोलीत बोलेल ना? ईस्टरच्या सुट्टीत लंडनला जावं म्हणतो.

फोटो पुढच्या खेपेला नक्की.

तुमचा
जगदेव


मँचेस्टर,
८ एप्रिल १९५६

मामा,

तुम्ही मागितलेला फोटो पाठवत आहे. शेजारी मिसेस हॉवर्थ आहेत.

माझ्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर तुम्हाला काय वाटेल ते मी जाणतो. त्याबद्दल आज लिहवत नाही. मायला फोटो एवढ्यात दाखवू नका.

जगदेव


शेलूबाजार,
२० एप्रिल १९५६

माझ्या बाळा,

फोटो मिळाला. माझ्या सवयीप्रमाणे आधी कोट पाहिला, मग बाई पाहिली. बाई खरंच साठीची आहे. मग तुझ्या तोंडाकडे नजर गेली. तुझी ती भरघोस मिशी नाही. वरचा ओठ कोरा.

आपल्यात बाप गेल्याशिवाय कुणी मिशी उतरवत नाही. तेव्हा तुला सगळं कळलं आहे. वकिलाच्या पोरानं सांगितलं ना? त्याला भेटू नको म्हणून मी जीव तोडून लिहिलं ते यासाठीच होतं. तू मात्र मला एका शब्दानं दोष दिला नाहीस, नुसता फोटो पाठवलास.

आता लपवून काय उपयोग? डिसेंबरात, वेचणी चालू असताना दाजींना ताप भरला. वाशिमहून डॉक्टर आणला. छातीत कफ झाला होता, हाती लागले नाहीत. तुझ्या चुलत्यानं अग्नी दिला. चौदावं झाल्यावर मी बहिणीला माझ्याकडे घेऊन आलो. तुझ्या मामीच्या कमरेला काहीही झालेलं नाही.

शेवटपर्यंत शुद्धीवर होते. मला जवळ घेऊन म्हणाले, “दौलत, पोट्ट्याले कळवू नको. कळवलं त तो बोटीत बसन. शिकून आल्यावर मंग कळू दे. तुह्या तोंडून त्याले कळालं नाई पाह्यजे. घे माही आन.” जाऊ नको म्हणून अडवणारा माणूस, तोच शेवटी तू परत येशील म्हणून घाबरला. मी त्यांच्या गळ्याची शपथ घेतली.

पुढचे निरोप मी रचले. पहिला गोड लिहिला आणि तू मला तिथंच पकडलंस. दुसरा लिहिताना दाजींनी जन्मभर मला दिलेल्या शिव्या आठवत बसलो. तुझ्या मायला वाचून दाखवला. ती म्हणाली, अगदी तेच बोलून राह्यले असं वाटते. मग कितीतरी वेळ रडली.

तू परक्या मुलखात एकट्यानं मिशी उतरवलीस. अंगावर पाणी घालायला कुणी नाही, पाठीवर हात ठेवायला कुणी नाही. आणि मी इथं बसून पाकिटावरची अक्षरं तपासत होतो. माझी मला शरम वाटते. एकाच गोष्टीचा आधार आहे. तुला माझ्या तोंडून कळलं नाही. दाजींची शपथ मी मोडली नाही. एवढं जरी नसतं, तर मला त्या घराकडे पाहवलं नसतं.

तुझा मामा


मँचेस्टर,
२२ एप्रिल १९५६

बाबा, तुमच्या पायांवर डोकं ठेवतो.

तुमच्या नावानं मी पहिल्यांदाच पत्र लिहितो आहे. मामांनी ते वाचून दाखवावं आणि मधे आपलं काही घालू नये. त्यांना एक फोटो पाठवला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. ते रागानं तुम्हाला काही सांगतील, त्याआधी माझ्याकडून ऐका.

बाबा, मी मिशी काढली. तुम्ही धडधाकट असताना काढली. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते मला माहीत आहे, तरी काढली. बाईंसाठी नाही, कुठल्या मुलीसाठी नाही. मामांना तसं वाटेल, पण तुमच्या गळ्याची शपथ, तसं काही नाही.

इथं मी सकाळी बसनं जातो. बस भरते, माणसं उभी राहतात, पण माझ्या शेजारची जागा रिकामी राहते. रोज. आधी वाटलं कपड्यांना पिठल्याचा वास येतो. कपडे धुतले. मग केसांना तेल लावणं सोडलं. तरी जागा रिकामीच. मग माझ्या मनानं घेतलं की ही मिशीच माझ्या आड येते. दोन पोरं रस्त्यात मिशीकडे बोट दाखवून हसली, त्या रविवारी आरशासमोर उभा राहिलो आणि वस्तरा फिरवला. काढताना स्वतःला सांगितलं, बाबा किती लांब आहेत, त्यांना कुठं दिसणार आहे? परत जाईपर्यंत वाढेल.

सोमवारी बसमध्ये बसलो. जागा रिकामीच राहिली. वर्गातही कुणी काही बोललं नाही. मिशी होती तेव्हा त्यांनी पाहिली नव्हती आणि गेली तेव्हाही पाहिली नाही. फक्त मिसेस हॉवर्थनी विचारलं, तुम्हाला बरं नाही का?

त्यानंतर मला लाज वाटून तोंड दाखवावंसं वाटेना. ईस्टरला लंडनला जाणार होतो, गेलो नाही. वकिलाच्या मुलानं दोनदा बोलावलं, मी कळवलं की ताप आहे. आपल्याकडचा माणूस माझ्या तोंडाकडे पाहून पहिला प्रश्न विचारणार की वडील कधी गेले? तो प्रश्न मला ऐकायचा नव्हता.

तुम्ही म्हणाला होतात, गेला तसाच वापस ये. तेवढंही मला जमलं नाही. मामांकडे मोठा निरोप द्या, वाटेल त्या शिव्या घाला. गप्प मात्र राहू नका. मला माफ केलं एवढं शेवटी सांगा. तुम्ही सांगेपर्यंत मी वाट पाहीन.

तुमचा
जगदेव


मँचेस्टर,
१ मे १९५६

मामा, नमस्कार.

तुमचं वीस तारखेचं पत्र आज मिळालं.

होय. मला कळलं होतं. वकिलाच्या मुलानं ईस्टरला सांगितलं. मी लंडनला गेलो होतो. तिथंच मिशी उतरवली आणि आंघोळ केली. तोही सोबत होता, मी एकटा नव्हतो. तुमच्या तोंडून मला काही कळलं नाही. तुम्ही शपथ पाळलीत. मायलाही हे सांगा आणि आता स्वतःला त्रास करून घेऊ नका.

परीक्षा देतो. बाबांना तेच हवं होतं.

एक विनंती आहे. बाबांच्या नावानं मी टाकलेलं एक पाकीट तुमच्याकडे येईल, कदाचित आलंही असेल. मन आवरलं नाही म्हणून ते गेल्यावरही त्यांना लिहीत बसलो होतो, बाकी त्यात काही नाही. मामा, ते फोडू नका. आजवर आलेलं प्रत्येक पाकीट तुम्ही फोडलंत, मी कधी काही बोललो नाही. एवढं एक राहू द्या.

मायला आणि सोजरला सांगा की मी बरा आहे. मिसेस हॉवर्थ दोन्ही वेळा जेवण वर आणून देतात आणि मी खातो.

तुमचा
जगदेव


शेलूबाजार,
१३ मे १९५६

जगदेवा, औक्षवंत हो.

तुझं एक तारखेचं पत्र मिळालं. वकिलाच्या मुलानं सांगितलं आणि तो सोबत होता हे वाचून जिवाला बरं वाटलं. तू म्हणतोस ते सगळं मला पटलं. त्यावर मला काही विचारायचं नाही.

दाजींच्या नावाचं पाकीट आलं. तू सांगितलंस तसंच केलं, फोडलं नाही. किन्हीराजाला गेलो, जिथं त्यांना अग्नी दिला तिथं बसलो आणि पाकीट होतं तसं जाळून टाकलं. तुझी माय सोबत होती.

घरची चिंता करू नकोस. वावर चुलता पाहतो आहे, नांगरट झाली. सोजर तुझ्या मायजवळ झोपते. परीक्षा झाली की कळव, पास नापास काहीही असो.

आणि बाळा, बसमध्ये शेजारी कुणी बसत नसेल तर न बसो. खिडकीशी बसत जा आणि पाय लांब करून घेत जा. मिशी वाढव, नाही तर वाढवू नकोस, जसं मन म्हणेल तसं कर. हे मी रचून लिहीत नाही, मी त्या माणसाला तू जन्मायच्या आधीपासून ओळखतो. दाजी असते तर तुला भरपूर शिव्या घातल्या असत्या, सकाळपासून संध्याकाळपर्यंत घातल्या असत्या, आणि गाडी जुंपल्यावर मला म्हणाले असते, “लिही त्याले, माफ केलं म्हणा.”

तुझा मामा
दौलतराव